‘ब्लू पोल्स’ : रंग ओतून केलेले चित्र मुलांना कसे समजावून सांगावे?

प्रश्न : शिक्षिका, विश्रामबाग (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आमची मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, त्यामुळे वर्षाचा बराचसा काळ स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांच्या सरावातच जातो. शनिवारी एखादा मोकळा तास मिळाला की मात्र मी त्यांना जगातील गाजलेली चित्रे मोठ्या पडद्यावर दाखवते आणि त्यांनाच बोलते करते. गेल्या शनिवारी जॅक्सन पोलॉक या अमेरिकी चित्रकाराचे ‘ब्लू पोल्स’ हे १९५२ सालचे चित्र दाखवले. कॅनव्हास सुमारे २.१२ मीटर उंच आणि ४.८९ मीटर रुंद आहे. त्यावर पांढऱ्या, पिवळ्या, नारिंगी, काळ्या आणि चंदेरी रंगांच्या ओघळांचे आणि शिंतोड्यांचे दाट जाळे पसरलेले आहे, आणि त्या जाळ्यातून आठ गडद निळे खांब कुठे सरळ, कुठे थोडे कललेले असे उभे आहेत.

नववीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, “मॅडम, आमच्या कागदावर रंगाचा एक थेंब सांडला तरी तुम्ही गुण कापता. यांनी तर सगळेच सांडले आहे, मग यांना एवढा मान का?” मुलाने हे चेष्टेने विचारले नव्हते, त्याला खरोखरच उत्तर हवे होते. ‘ज्याला जे दिसेल ते त्याने पाहावे’ असे सांगून मला वेळ मारून नेता आली असती, पण तसे करणे म्हणजे त्या मुलाच्या विचार करण्यालाच बगल देणे, असे मला वाटते. हातावर ताबा कसा मिळवायचा हे मी त्यांना वर्षभर शिकवते, तर ज्या चित्रात ताबा सुटल्यासारखा दिसतो त्याविषयी मला काहीतरी नेमके सांगता आले पाहिजे.

म्हणून जाणकारांना विचारते. असा रंग ओतताना चित्रकाराचा त्यावर खरोखर ताबा असतो का, आणि असेल तर तो चित्रात कुठे दाखवता येईल? ही पद्धत पोलॉकला एका दिवसात सुचली की तिच्यामागे काही शिक्षण होते? आणि हे चित्र १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन विकत घेतले, हे ऐकल्यावर मुलांचे डोळे विस्फारले. तो व्यवहार कसा झाला आणि त्याचे पुढे काय झाले, हेही कोणी लिहिले तर बरे होईल.

उत्तर : रंगकाम व्यावसायिक, मिरज

मॅडम, माझे चित्रकलेचे शिक्षण झालेले नाही. मिरजेत घरांच्या रंगकामाची कंत्राटे घेतो, आणि वडिलांच्या हाताखाली दारे-खिडक्यांना ऑइल पेंट मारत या धंद्यात आलो. आपला प्रश्न वाचून ते चित्र संगणकावर मोठे करून पाहिले आणि पोलॉक काम करतानाचे जुने चित्रीकरणही पाहिले. रंगाच्या बाजूने मला जे दिसले तेवढेच लिहितो.

पोलॉकने वापरलेला रंग मुख्यतः एनॅमल होता, म्हणजे ज्याला आपल्याकडे सरसकट ऑइल पेंट म्हणतात त्याच जातीचा. हा रंग मुळात सपाट पसरण्यासाठी बनवलेला असतो. ब्रश फिरवल्यानंतर केसांच्या रेघा आपोआप मिटल्या पाहिजेत, ही त्याच्याकडून अपेक्षा. उभ्या दारावर तो किंचित जास्त झाला की ओघळ येतो, आणि ओघळ आला की मालक पैसे अडवतो. तोच रंग आडव्या पृष्ठभागावर टाकला तर जिथे पडला तिथेच थांबतो. कॅनव्हास जमिनीवर अंथरण्याचे पहिले कारण मला तरी हेच दिसते. रंगाला वाहू न देता, त्याची रेघ पडली तशी टिकवायची असेल तर दुसरा इलाज नाही.

आता ताब्याविषयी. काठी डब्यात बुडवून वर उचलली की रंगाची तार धरते. रंग दाट असेल तर तार अखंड राहते, थिनर वाढवले की ती तुटते आणि थेंब पडू लागतात. हात झपाट्याने फिरवला तर रेघ बारीक उमटते, सावकाश फिरवला तर जाड, आणि क्षणभर थांबला तर तिथे डबके साचते. दाट रंग फार उंचावरून आणि संथपणे सोडला तर तार सरळ न पडता स्वतःभोवतीच बारीक वेटोळी घालते, हे ज्याने डब्यातून डब्यात रंग ओतला आहे त्याला ठाऊक असते. मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिने मला शोधून दाखवले की २०१९ साली प्रवाही पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी पोलॉकचे तेच चित्रीकरण मोजून पाहिले, आणि त्याच्या हाताची उंची व वेग असे होते की ही वेटोळी सहसा पडू नयेत, असा निष्कर्ष काढला. सहज सांडणाऱ्या माणसाला हे जमत नाही. त्यासाठी डब्यातला रंग आज किती दाट आहे, हे हाताला कळावे लागते.

चित्रात हे कुठे दाखवावे, असे आपण विचारले आहे. जिथे दोन रंग एकमेकांवरून गेले आहेत तिथे मुलांना पाहायला सांगा. वरच्या पिवळ्या रेघेची कड काळ्यावर धारदार दिसत असेल तर खालचा काळा सुकलेला होता. दोन्ही रंग एकमेकांत शिरून अबरीसारखे फिरले असतील तर दोन्ही ओले होते. एनॅमल नीट सुकायला एक रात्र तरी लागते, आणि जाड थर असेल तर वर साय धरते, आत ओलेच राहते आणि पुढे त्या सायीला सुरकुत्या पडतात. म्हणजे या माणसाने कुठे मुद्दाम वाट पाहिली आणि कुठे मुद्दाम वाट पाहिली नाही, हे चित्रावरच लिहिलेले आहे. हे चित्र एका बैठकीत झालेले नाही, हे कोणताही रंगारी सांगेल.

आणखी एक गोष्ट मला फार विशेष वाटली. खालच्या थरातले काही ओघळ सरळ खाली, म्हणजे चित्राच्या तळाच्या दिशेने गेलेले आहेत. जमिनीवर अंथरलेल्या कापडावर असे ओघळ येणारच नाहीत. याचा अर्थ हा कॅनव्हास काही काळ उभा केलेला होता. चंदेरी रंग म्हणजे आपण लोखंडी फाटकांना आणि टाक्यांना देतो तो ॲल्युमिनियम पेंट. त्यातली धातूची पूड वर तरंगून येते, म्हणून उजेडाची दिशा बदलली की त्या जागा कधी उजळ तर कधी करड्या दिसतात. छापील चित्रात ही गंमत पूर्ण हरवते.

उत्तर : निवृत्त कलाशिक्षक, सातारा

मिरजेच्या मित्रांचे उत्तर वाचून मनापासून आनंद झाला, कारण कलेच्या पुस्तकांत ज्याविषयी गूढ भाषेत लिहिले जाते ते त्यांनी डब्यापासून सुरुवात करून सांगितले. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. ‘ब्लू पोल्स’चे काम सुरुवातीला कॅनव्हास उभा ठेवून झाले आणि पुढे तो जमिनीवर आला. निळे खांब तर ओतलेले नाहीतच. लाकडाच्या लांब फळीच्या कडेला रंग लावून ती कॅनव्हासवर दाबली, आणि त्या ठशांवर पुन्हा रंग चढवला. म्हणून खांबांच्या कडा सरळसोट न येता काट्याकुट्यांसारख्या दातेरी आल्या आहेत. रंगात काचेचे तुकडेही रुतलेले आहेत, ते माध्यमाच्या नोंदीत अधिकृतपणे लिहिले जातात.

मॅडम, आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते मुलाच्या शंकेचे खरे उत्तर तिथे आहे. पोलॉकचा जन्म १९१२ साली वायोमिंग राज्यातील कोडी या गावी झाला. १९३० साली तो न्यूयॉर्कला आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये थॉमस हार्ट बेंटन यांच्याकडे शिकू लागला. बेंटन हे अमेरिकी खेड्यांतील माणसे रंगवणारे, पक्के वास्तवदर्शी चित्रकार. तरुणपणी त्यांनी अमूर्ताचे प्रयोग केले होते, पण पुढे त्याकडे पाठ फिरवली. परंतु मोठ्या भित्तिचित्राची रचना कशी बांधावी हे ते विद्यार्थ्यांकडून आकृत्या काढून घेऊन शिकवत, आणि त्यांच्या त्या आकृत्यांमध्ये एका उभ्या खांबाभोवती वळणे फिरवून, मग तसे खांब शेजारीशेजारी मांडून, लांबलचक चित्राची लय साधलेली असते. विद्यार्थीदशेतला तो पाठ वीस वर्षांनी ‘ब्लू पोल्स’मध्ये डोळ्यांसमोर उभा राहतो, असे अनेक कला-इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. मी स्वतः ते खांब कागदावर झाकून चित्र पाहिले आहे. ते नसले तर नजर त्या जाळ्यात कुठेही स्थिरावत नाही, आणि असले की डावीकडून उजवीकडे एक चाल मिळते.

रंग ओतण्याचा धडा त्याला दुसरीकडे मिळाला. १९३६ साली मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रायोगिक कार्यशाळा चालवली, त्यात पोलॉक होता. तिथे मोटारींना आणि कारखान्यांत लागणारे रंग, फवारा, ओतणे, शिंपडणे हे सगळे उघडपणे करून पाहिले जात असे. त्याच सुमारास मंदीच्या काळात बेकार चित्रकारांना काम देणारी अमेरिकी सरकारची योजना होती. पोलॉकचे पोट १९४३पर्यंत बव्हंशी त्या योजनेवर चालले. १९४३ साली संग्राहक पेगी गुगेनहाइम यांनी त्याच्याशी करार केला आणि घरासाठी सुमारे सहा मीटर रुंदीचे एक भव्य चित्र काढून घेतले. त्यात अजून ब्रशचेच काम प्रमुख आहे, पण हात आधीच मोकळा झालेला दिसतो.

इथे एका स्त्रीचे नाव घेतले पाहिजे, कारण ते फार काळ मागे पडले होते. जॅनेट सोबेल या युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये संसार करणाऱ्या बाई वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास स्वतःहून चित्रे काढू लागल्या, आणि १९४५च्या सुमारास रंग ठिबकवून, ओघळवून संपूर्ण पृष्ठभाग भरणारी चित्रे करू लागल्या. त्यांची चित्रे गुगेनहाइम यांच्या दालनात लागली. पोलॉकने ती पाहिली होती आणि त्याच्यावर त्यांचा ठसा उमटला होता, हे पोलॉकचे सर्वांत मोठे समर्थक समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या वर्गातल्या मुलींना हे अवश्य सांगा.

१९४५ साली पोलॉक आणि त्याची पत्नी ली क्रॅस्नर, जी स्वतः मोठ्या योग्यतेची चित्रकार होती, न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरील स्प्रिंग्ज या वस्तीत राहायला गेले. तिथल्या कोठारात त्याला जमिनीवर कॅनव्हास अंथरायला जागा मिळाली, आणि १९४७ ते १९५० या चार वर्षांत त्याची ओतीव चित्रे झाली. तो काठ्या, कडक झालेले ब्रश आणि पिचकाऱ्या वापरत असे. जमिनीवर काम केले की चित्राच्या चारही बाजूंनी फिरता येते आणि आपण चित्राच्या आत असल्यासारखे वाटते, असे त्याने लिहिले आहे आणि त्याच ठिकाणी अमेरिकेच्या पश्चिमेतील आदिवासींच्या वाळूच्या चित्रांची आठवण काढली आहे. आपल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. दाराशी रांगोळी घालणाऱ्या बाईचाही हात जमिनीला टेकत नाही. चिमटीतून पूड किती सुटते आणि हात किती वेगाने पुढे जातो, एवढ्यावरच तिची रेघ बारीक की ठसठशीत हे ठरते, आणि त्या रेघेला कोणी सांडणे म्हणत नाही.

१९४९च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला आणि हा अमेरिकेतला सर्वांत थोर हयात चित्रकार आहे काय, असा प्रश्न मथळ्यात विचारला. पुढच्या वर्षी हान्स नामुथ यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रीकरण केले. त्या चित्रीकरणात तो स्वतःच्या आवाजात सांगतो की रंगाचा प्रवाह मला आवरता येतो, त्यात अपघात नाही. एका नियतकालिकाने त्याच्या चित्रांना गोंधळ म्हटले तेव्हा त्याने चिडून तार केली होती की यात गोंधळ नाही. १९५१ साली त्याने रंग जवळजवळ सोडून दिले आणि काळ्याने काम केले; ‘ब्लू पोल्स’ हे त्यानंतर रंगाकडे परत येतानाचे चित्र आहे, आणि मला ते म्हणूनच अधिक भिडते. सुरुवातीला त्याला केवळ ‘क्रमांक ११, १९५२’ असे म्हणत, ‘ब्लू पोल्स’ हे नाव १९५४च्या प्रदर्शनात आले. त्यानंतर त्याच्या हातून फारच थोडे काम झाले, आणि १९५६च्या ऑगस्टमध्ये दारूच्या अमलाखाली मोटार चालवताना झालेल्या अपघातात वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या व्यसनाविषयी मुले विचारतीलच, तेव्हा एवढे सांगावे की ओतीव चित्रांची जी सर्वांत समृद्ध वर्षे मानली जातात, त्यांतील बराच काळ तो दारूपासून दूर होता.

जाता जाता, आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवले आणि खरवडले. ते १९६४ साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आले होते. त्यांचा स्वभाव पोलॉकच्या अगदी विरुद्ध, एका चित्राआधी दीर्घकाळ विचार करणारा. या दोघांची चित्रे मुलांना शेजारीशेजारी दाखवून पाहा.

उत्तर : आटपाडी (जि. सांगली)

वरची दोन्ही उत्तरे आवडली आणि रंगाविषयीचे माझे अज्ञान दूर झाले. मात्र तिसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते मांडावेसे वाटते.

१९७३ हे साल आमच्या भागात कोणी विसरू शकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरची माणसे खडी फोडायला जात होती, मुलांना सुकडी मिळत होती आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी लोक निमूटपणे खात होते. ऑस्ट्रेलियाचा पैसा आमचा नव्हता आणि तिथली परिस्थिती निराळी होती, हे मला कळते. तरीही सरकारी तिजोरीतून एका कॅनव्हाससाठी एवढी रक्कम जाते, तेव्हा तिथल्या एखाद्या कष्टकऱ्याने रागावून जाब विचारला तर त्याला अडाणी ठरवणे मला मान्य नाही. राजाने कलेवर खर्च करू नये, असेही मी म्हणत नाही. आमची आटपाडी औंध संस्थानात होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ साली औंधला संग्रहालय उभे केले आणि आपला संग्रह लोकांसाठी खुला केला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तिथे राजा रविवर्म्यांची, धुरंधरांची चित्रे आहेत. जत्रेला आलेला शेतकरीसुद्धा त्यांच्यासमोर उभा राहून कथा ओळखतो. सार्वजनिक पैशाने घेतलेले चित्र सामान्य माणसाला उमगले पाहिजे, ही अपेक्षा चुकीची आहे का?

उत्तर : कराडकर, सध्या कॅनबेरा

आटपाडीच्या दादांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे, आणि १९७३ साली ऑस्ट्रेलियात नेमका हाच प्रश्न विचारला गेला. मी मूळचा कराडचा, नोकरीनिमित्त कॅनबेऱ्यात राहतो आणि हे चित्र ज्या राष्ट्रीय कलादालनात आहे तिथे सवड मिळेल तेव्हा जातो, म्हणून व्यवहाराची हकीकत लिहितो.

‘ब्लू पोल्स’ आधी फ्रेड ओल्सेन यांनी ६ हजार डॉलरला घेतले आणि पुढे बेन हेलर या न्यूयॉर्कच्या संग्राहकाला ३२ हजार डॉलरला विकले. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय कलादालन तेव्हा बांधलेलेही नव्हते, संग्रह मात्र जमवला जात होता. जेम्स मॉलिसन हे त्याचे प्रमुख होते. त्यांना १० लाख डॉलरपेक्षा मोठी खरेदी स्वतःच्या अधिकारात करता येत नव्हती, त्यामुळे कागद पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे गेला. व्हिटलम यांनी खरेदीला मंजुरी दिली आणि किंमत लोकांना जाहीर करा, असाही शेरा दिला. १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे २० लाख अमेरिकी डॉलर. अमेरिकी चित्रासाठी तोपर्यंत एवढी किंमत कोणी मोजली नव्हती. दडवले असते तर गाजावाजा कदाचित कमी झाला असता, पण जाहीर केले हेच मला त्या व्यवहारातले सर्वांत स्वच्छ पाऊल वाटते. ज्यांचा पैसा, त्यांना रागावण्याचाही अधिकार मिळाला.

आणि लोक रागावले. दारुड्यांनी अनवाणी पायांनी केलेले चित्र, अशा आशयाचे मथळे वृत्तपत्रांत आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकात लेख आला की या चित्राची सुरुवात पोलॉकने आणि त्याचा मित्र टोनी स्मिथ याने दारूच्या नशेत केली, आणि चित्रकार बार्नेट न्यूमन यानेही त्यात हात घातला. ली क्रॅस्नर यांनी याचा ठाम इन्कार केला. मिरजेच्या काकांनी थरांविषयी जे लिहिले आहे ते इथे कामाला येते. मित्रांनी सुरुवातीला काही केले असेलच, तरी ते तळाशी कुठेतरी गाडले गेले आहे. आज आपल्याला जे दिसते ते त्यावर पुन्हापुन्हा परत येऊन केलेले काम आहे. व्हिटलम यांनी त्या वर्षीच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर हेच चित्र छापले. १९७५ साली त्यांचे सरकार बरखास्त झाले आणि त्यांच्या उधळपट्टीचा दाखला म्हणून विरोधक याच चित्राकडे बोट दाखवत राहिले. त्याच सरकारने विद्यापीठांचे शिक्षणशुल्क रद्द केले आणि सर्वांसाठी आरोग्य विमा आणला, हेही आटपाडीच्या दादांनी हिशेबात धरावे. म्हणजे गरजूंचे पैसे काढून चित्राला दिले, असा तो काळ नव्हता.

कलादालनाची इमारत १९८२ साली खुली झाली; त्याआधी चित्र देशातल्या शहरांतून फिरवून लोकांना दाखवण्यात आले. २०१६ साली ते लंडनच्या प्रदर्शनासाठी गेले तेव्हा त्याचे मूल्य ३५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरले गेल्याच्या बातम्या आल्या, आणि एका खासदाराने ते विकून कर्ज फेडावे अशी सूचना केली. तिला थारा मिळाला नाही. किंमत वाढली म्हणून खरेदी योग्य ठरली, असे मात्र मी म्हणणार नाही. उद्या बाजार पडला तर काय ती चूक ठरणार? माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही आहे की कायम संग्रह पाहायला तिकीट लागत नाही, आणि शाळांची मुले त्या चित्रासमोर जमिनीवर बसून बोलत असतात.

जवळ गेल्यावर काय दिसते ते सांगतो, कारण छायाचित्रात ते येत नाही. डावीकडच्या भागात पांढऱ्या रंगाचा एक फटकारा इतका जाड आहे की त्याची सावली कॅनव्हासवर पडते. चंदेरी पट्टा दोन पावले बाजूला सरकले की विझतो. आणि एका ठिकाणी रंगात पावलाचा ठसा आहे. तो एकदा सापडला की चित्रकार त्या कॅनव्हासवर प्रत्यक्ष उभा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

राहता राहिला सामान्य माणसाला उमगण्याचा मुद्दा. दादा, औंधच्याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे दगडी शिल्प आहे. त्यात नाक-डोळे रविवर्म्यासारखे नाहीत आणि आपल्या पुराणातली कथाही नाही. तरी पंतप्रतिनिधींच्या संग्रहात त्याला जागा मिळाली आणि ते आज आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. जे लगेच ओळखू येते तेवढेच जर घेतले असते, तर आपण त्या शिल्पाला मुकलो असतो.

उत्तर : आटपाडी (जि. सांगली)

हेन्री मूरचे ते शिल्प मी पाहिले आहे, आणि आईच्या हाताचा घट्टपणा मला तिथे कोणी न सांगताही कळला होता. त्यामुळे आपला मुद्दा मान्य करतो. खर्चाविषयी माझे मत कायम आहे. किंमत जाहीर केली हे मात्र मला माहीत नव्हते आणि त्याने फरक पडतो.

उत्तर : शिक्षिका, विश्रामबाग (सांगली)

सर्वांची ऋणी आहे. येत्या शनिवारी मी थरांपासून सुरुवात करीन. कुठला रंग आधी पडला, कुठला सुकल्यावर दुसरा आला, हे मुलांनी शोधायचे, आणि मगच बेंटनच्या खांबांची आकृती फळ्यावर काढायची. त्यानंतर मुलांनी स्वतः रंग ओतून पाहावा, असे मनात आहे. मिरजेच्या काकांना विचारते, शाळेत एनॅमल आणि थिनर वापरणे योग्य होईल का?

उत्तर : रंगकाम व्यावसायिक, मिरज

मॅडम, बंद वर्गात एनॅमल नको. थिनरचा वास मुलांच्या डोक्यात जातो, तो चटकन पेट घेणारा पदार्थ आहे आणि हातावरचा रंग रॉकेलशिवाय निघत नाही. त्याऐवजी भिंतीचा पांढरा डिस्टेंपर घ्या, त्यात स्टेनरच्या बाटलीतला हवा तो रंग मिसळा आणि पाणी घालून तीन डबे करा : एक श्रीखंडाएवढा दाट, एक बासुंदीएवढा, एक ताकाएवढा. जुनी चादर पटांगणात अंथरून चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा, नाहीतर वाऱ्याने ती उचलेल. प्रत्येक मुलाला झाडूची एक जाड काडी द्या आणि काडी कापडाला न टेकवता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची हातभर रेघ सोडायला सांगा. पहिल्या खेपेला बहुतेकांची रेघ मध्येच तुटेल. ज्याची तुटली त्याला विचारा, तुझा डबा कोणता होता आणि हात किती उंच होता.